थॉर्नवेल गैरहजर

"गैरहजर. एवढंच लिहिलंय?" मनोहरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"एवढंच," रत्नाबाई म्हणाल्या.

दोघं अमेरिकेत लेकीकडे राहायला आले होते. तिथल्या श्रूजबरी गावच्या एका इतिहासप्रेमी मंडळानं मनोहरांना एलायजा थॉर्नवेलच्या कागदांच्या झेरॉक्स दिल्या होत्या. दोनशे वर्षांपूर्वीचा हा वकील. नांगर सोडून कायदा शिकला, गरिबांचे खटले फुकट लढला, बॉस्टनच्या विधिमंडळात निवडून गेला. गिरणीच्या धरणात शेतं बुडू देणार नाही, असा शब्द त्यानं गावाला दिला. मतदानाच्या दिवशी मात्र तो सभागृहात नव्हता. शेतं बुडाली.

मनोहरांना त्याचं चरित्र लिहायचं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले, तरी ते काळा चष्मा लावून बसत. सगळं धूसरच दिसतं म्हणत. रत्नाबाई वाचत, ते सांगत, त्या लिहून घेत. खिडकीबाहेर मेपलची लाल पानं इतक्या सावकाश उतरत, की दुपार पाण्याखाली सरकतेय असं वाटे.

"बाबा, तो चॅप्टर स्किप करा ना," ऑफिसला निघालेली लेक आश्लेषा म्हणाली. "दोन आठवडे तिथंच अडलाय!"

का अडलेत, ते रत्नाबाईंना ठाऊक होतं. पंचवीस वर्षांपूर्वी मनोहर आमदार होते. धरणाच्या ठरावाच्या दिवशी तेही गैरहजर राहिले. ताप होता म्हणाले. रत्नाबाईंचं माहेर, शेवरे, पाण्यात गेलं. त्यावर दोघं कधीच बोलले नाहीत. अवघड ते तिसऱ्याच्या आडून बोलायचं, ही त्यांच्या संसाराची रीत. पण आता मनोहर अठ्ठ्याहत्तरचे झाले होते. एकदा तरी त्यांच्या तोंडून खरं ऐकायला मिळावं, एवढीच रत्नाबाईंची आस उरली होती.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, एक पत्र सापडलंय. थॉर्नवेलनं बायकोला लिहिलेलं."

मनोहर सावरून बसले. "वाच."

"'हॅना, मी आजारी नव्हतो. पुढची उमेदवारी जाईल म्हणून भ्यालो. दिवसभर एका खानावळीत बसून राहिलो. तुझ्या वडिलांचं शेत मीच बुडवलं.'" रत्नाबाईंनी बोट कागदाच्या तळाशी नेलं. "खाली हॅनानं लिहिलंय. 'मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तुमचं कपाळ गार होतं. तरी मी पेज करून दिली.'"

"पेज?"

"तसलंच काहीतरी. मी आपलं मराठी केलं."

मनोहरांनी काळा चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी हात पुढे केला, रत्नाबाईंच्या हातातला कागद घेतला आणि मांडीवर सरळ केला.

"अगं, ही पिझ्झाची जाहिरात आहे," ते म्हणाले. "पण मला ताप नव्हता, ते खरं."