डब्यातला कॅमेरा

नवऱ्याला घरच्या घरी कॅमेरा बनवायची हुक्की आली आणि माझ्या साखरेच्या डब्याचा बळी गेला. आतून काळा रंग, पुढे सुईने पाडलेलं भोक, मागे फोटोचा कागद. रविवारी सकाळी त्याने तो डबा स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला आणि फर्मान सोडलं, "संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही!" मग डब्यावर लक्ष ठेवायला म्हणून स्वतः खुर्चीत पसरला. मी मात्र ओटा ते सिंक, सिंक ते ओटा, पायाला भिंगरी लावून दिवसभर तिथेच.

संध्याकाळी फोटो धुऊन नाचतच आला. फोटोत ओटा होता, टेबल होतं, आणि खुर्चीतले हे महाशय तर अगदी ठसठशीत उमटले होते. मी कुठेच नव्हते.

"अगं, भोक दिवसभर उघडं असतं ना," तो मलाच शिकवायला लागला. "एका जागी बसतो तो उमटतो. सारखा हलणारा माणूस गायब होतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या रविवारी त्याच्याआधी उठून मीच ती खुर्ची पकडली.



"लाव तुझा डबा. आज मी उमटते, तू गायब हो."