न घेतलेलं नाव

"चाचा, खिडकी लावा आता!" शेजारची नाझनीन मास्क न काढताच दारातून ओरडली. "हवेच्या प्रदूषणाचा आकडा चारशेवर गेलाय. अशीच उघडी ठेवलीत, तर पुढच्या हिवाळ्यात आम्हाला धुरात तुमचा खोकलाच ऐकत बसावं लागेल."

मोतालेब हसला, पण उठला नाही. मानिकगंजच्या वीटभट्ट्या पेटल्या होत्या, वारा पडला होता आणि धूर गल्लीत बसला होता. त्यातून दर वर्षीसारखे गेल्या हिवाळ्यातले आवाज परत ऐकू येत होते. खजुराचा रस विकणाऱ्याची आरोळी आली, मग कुणाचं तरी भांडण. मोतालेब बायकोच्या, जोहराच्या आवाजाची वाट पाहत होता. ती वैशाखात गेली. पुढच्या हिवाळ्यात तिचा आवाज नसणार होता.

थोड्या वेळानं धुरातून जोहरा बोलली. "अहो, ऐकलंत का? चहा निवतोय."

"आलो," मोतालेब म्हणाला.

नाझनीन चपापली. "चाचा, धुराला काय उत्तर देता? तो गेल्या वर्षीचंच बोलतो. त्याला ऐकू येत नाही."

"माहीत आहे गं."

जोहरानं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. कायम 'अहो'.

बाहेर ती खोकली. मग अगदी गजाजवळून आवाज आला, "मोतालेब, त्या मुलीचं ऐका. खिडकी लावा."

खिडकी लावायला पुढे आलेल्या नाझनीनचा हात कडीवर तसाच राहिला.

मोतालेब उठला आणि त्यानं दुसरीही खिडकी उघडली.