अळणी रताळी

“बाबांचं हृदय थकलंय, मिठाचा कणही द्यायचा नाही,” नर्स असलेल्या लेकीने बजावलं. तेव्हापासून मी रोज रताळी उकडून कुस्करायची, वर मिरपूड भुरभुरायची, लिंबू पिळायची. “यापेक्षा उपाशी मरेन,” म्हणत ताट सरकवायचे हे. मग एकाएकी कुरकुर थांबली. ताट चाटूनपुसून लख्ख होऊ लागलं. लेक खूश. “बघ आई, जिभेला वळण लावलं की लागतं.” महिन्याभरात हे गेले. आज त्यांचं कपाट आवरताना लेकीने चष्म्याचं घर उघडलं आणि पांढरी पूड जिभेला लावून पाहिली. आत मीठ होतं. “चोरून खात होते गं! मी नर्स असून मला कळलं कसं नाही?” ती रडू लागली. “तुझा काय दोष?” एवढंच मी म्हणाले. हे आंघोळीला गेले की चष्म्याच्या घरात रोज मीठ भरणारा माझा हात तिच्या पाठीवरून फिरत राहिला.