जागेपणीचा सामना

"शेवटचा सामना मला जागेपणी खेळू द्या, सर," असं जोतिराम खाडे म्हणाला, तेव्हा प्रशिक्षक पाटणकर सर पट्टी हातात धरून तसेच थांबले. ती पट्टी कानामागे लावली की खेळाडू झोपी जायचा आणि त्याचं अंग आपलं आपण रग्बी लीग खेळत राहायचं. ना भीती, ना दुखणं. बारा वर्षं जोतिराम असाच खेळला होता. सामना चालू असताना तो दर वेळी एकाच स्वप्नात असायचा: पंचगंगेच्या काठी पाय पाण्यात सोडून बसलेला, आसपास चिटपाखरू नाही. जाग यायची तेव्हा गळ्यात हार असायचा आणि बरगड्या ठणकत असायच्या.

सरांनी पट्टी खिशात ठेवली.

मैदानावर गवताचा वास आला, तोच त्याला नवा होता. चेंडू छातीवर आदळला. त्याने तो कसाबसा कवटाळला आणि समोर दिसलेल्या साथीदाराकडे फेकला. रग्बीत हाताने चेंडू मागेच द्यायचा असतो, हे त्याच्या अंगाला पाठ होतं, त्याला नव्हतं. शिट्टी वाजली. सर कडेला धावत आले. "अजून वेळ आहे. पट्टी लावू का?"

जोतिरामचं लक्ष नव्हतं. वीस हजार माणसं हसत हसत एकच नाव घेत होती.

"सर, ही मला हाक मारतायत?"

"बारा वर्षं मारतायत, जोत्या," सर म्हणाले.