सवतीचा दिवा

“तुझ्या सवतीच्या नावानं रोज दिवा लाव. जिथं तिनं प्राण सोडला, तिथंच,” मरताना सासूबाईंनी मंजुळाबाईकडून वचन घेतलं होतं. पहिली बायको माजघरात तापानं गेली, असं दौलतराव सांगायचे. म्हणून मंजुळाबाई दिवा माजघरात लावी.

यंदा विहिरीच्या काठावरल्या कुजक्या ओंडक्यावर पांढरी बुरशी खपलीसारखी धरली. आकार थेट माणसाच्या दोन पंजांचा, विहिरीच्या आतून काठ धरलेला.

पिंपरीच्या नव्या कारखान्यातून येताच दौलतरावांनी ती विळ्यानं खरवडली. “लाकूड कुजलं की येतंच हे. तू विहिरीकडं कशाला गेलतीस?”

“पाण्याला. आणखी कशाला जाईन?”

सकाळी पंजे पुन्हा उमटले होते. या खेपेला मनगटंही होती, आणि त्यांवर बांगड्यांपुरती जागा कोरी.

“ओंडकाच तोडतो,” म्हणत दौलतराव संध्याकाळी ओट्यावर कुऱ्हाडीला धार लावत बसले.

मंजुळाबाईनं माजघरातला दिवा उचलला, पदराआड धरला आणि मागल्या दारानं ती हळूच विहिरीकडं निघाली.