आठ टक्के

सभेला दहा मिनिटं बाकी होती, तरी काचेच्या खोलीबाहेर सगळी कंपनी गोळा झाली होती. सगळी म्हणजे बावीस माणसं. चित्रं काढणारे, प्रोग्राम लिहिणारे, आवाज जुळवणारे. जागेवर बसायला कोणी तयार नव्हतं.

आत चौघं होती. कंपनी काढणारे बहीणभाऊ, त्यांची आई आणि व्हिडिओ गेमच्या एका बड्या कंपनीचा वकील. त्या कंपनीला ही छोटी कंपनी आपल्यात विलीन करून घ्यायची होती. भाऊ हो म्हणत होता, बहीण नाही. शेअर दोघांकडे सारखेच, शेचाळीस-शेचाळीस टक्के. उरलेले आठ आईचे. पहिल्या वर्षी तिने निवृत्तीचे पैसे घातले होते, त्याचे.

"आई, ये, इथे बस," भावाने खुर्ची ओढली.

"तिथे का? इकडे ये," बहिणीनेही ओढली.

आई कुठेच बसली नाही. चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून काढलेली बाई, तिला उभं राहायची सवय होती.

"आठवडाभर दोघं मला फोन करताय," ती म्हणाली. "ह्याचा फोन ठेवला की वाटतं, हो म्हणून टाकावं. हिचा ठेवला की वाटतं, छे, मुळीच नाही. करार वाचायला घेतला तर दुसऱ्या पानावर डोळा लागला. म्हणून माझं मत मी दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगितलंय."

तिने पर्समधून कागद काढला. भावाने तो दोनदा वाचला. "हे नियमात बसतं?"

वकिलाने मान वाकडी करून पाहिलं. "बसतं."

आईने दार उघडून हाक मारली. गळ्यात हेडफोन अडकवलेली एक पस्तिशीची बाई आत आली. तयार झालेला खेळ पुन्हा पुन्हा खेळून त्यातल्या चुका हुडकणं हे तिचं काम. तिच्या हातून एकही खडा सुटत नसे, म्हणून सगळे तिला चाळणी म्हणत. काखेत दोनशे पानांचा करार होता आणि त्यातून रंगीत चिठ्ठ्या डोकावत होत्या.

"काकूंनी हा परवा माझ्याकडे दिला," ती म्हणाली. "मी खेळासारखाच तपासला. कुठून मोडतो ते बघायला." तिने चौऱ्याण्णवावं पान उघडलं. "नवा खेळ बाजारात येईल ती तारीख किंवा आजपासून अठरा महिने, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत कोणालाही कामावरून काढणार नाही. असं लिहिलंय. आणि नवा खेळ व्हायला अजून दोन वर्षं लागतील. म्हणजे खेळ अर्धवट असताना आम्ही रस्त्यावर."

"मी कधीची हेच सांगतेय!" बहीण उसळली. "माणसं पांगतील म्हणून!"

"पान नव्हतं सांगितलंस," भाऊ पुटपुटला. त्याचं तोंड उतरलं होतं.

चाळणी वकिलाकडे वळली. "एक शब्द बदला. 'आधी' खोडा, 'नंतर' लिहा. बदललात तर काकूंचे आठ टक्के हो. नाहीतर नाही."

वकील हसला. दुसरं कोणी हसत नाही म्हटल्यावर थांबला, फोन उचलून बाहेर गेला. बाहेरच्या एकवीस जणांनी त्याला वाट करून दिली. काचेतून त्याची पाठ दिसत होती. तो इकडून तिकडे चालत होता, मध्येच थांबत होता, हात हवेत उडवत होता.

"आई, एवढी मोठी संधी एका शब्दापायी जायची," भाऊ कुजबुजला.

"गेली तर गेली. गप्प बस."

चाळणी समोरच्या खुर्चीत धपकन बसली. बहिणीने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

अकरा मिनिटांनी वकील परत आला. त्याने कोणाकडे पाहिलं नाही. पान ओढलं, पेन काढलं, एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, शेजारी सही ठोकली. मग टाय सैल केला. "घ्या. मंजूर."

चाळणीचा हात वर गेला. लगोलग भावाचा. चोपन्न टक्के झाले. विलीनीकरण पक्कं.

सगळ्यांनी बहिणीकडे पाहिलं.

"माझं नाहीच आहे," ती म्हणाली. "तसंच लिहून घ्या."

पण ती उठली होती. बाहेरच्यांना यातलं अक्षर ऐकू गेलं नव्हतं. नाकं काचेला चिकटली होती. तिने फळ्याचं पेन उचललं आणि काचेवर उजवीकडून डावीकडे, उलटी अक्षरं काढायला सुरुवात केली, बाहेरून सुलटी दिसतील अशी. चित्रकाराचा हात, एकदाही अडला नाही.

आईने चष्मा वर-खाली केला. तिला आतून काही लागेना.

"काय गं लिहितेयस?"

उत्तर द्यायला बहिणीला वेळच मिळाला नाही. 'सगळे राहणार' मधला शेवटचा र अजून अर्धाच होता, तेवढ्यात काच हादरली.