पहिली बाजू

या, असे जवळ सरका. कीर्तन रंगात आलं की मागची माणसं आपसूक पुढे येतात ना, तसे. गोष्ट लहानशी आहे, आमच्या कँटरबरीतली. पण एका भोळ्या माणसानं झेललेल्या शब्दाची आहे, म्हणून कान देऊन ऐका.

एनिड हॉगबेन दुकानात शिरली ती उघड्या छत्रीसकट. काउंटरमागे दुकानाचा मालक पिल्चर गाण्यांच्या जुन्या तबकड्या पुसत होता. समोरच्या स्टुलावर डडली बसला होता. तो रोज येई, काही विकत घेत नसे आणि प्रोग्रेसिव्ह रॉक हे अवघड ठेक्यांचं संगीत आपल्यालाच तेवढं कळतं असं त्याला वाटे. पिल्चरलाही स्वतःबद्दल तसंच वाटे.

"छत्री मिटा, आजी," डडली म्हणाला. "छपराखाली उघडी छत्री म्हणजे अपशकुन."

"व्हावा म्हणूनच उघडी ठेवलीय."

"लोकरीचं दुकान पुढच्या वळणावर आहे," पिल्चर मान वर न करता म्हणाला. डडली खुसखुसला.

एनिडनं पिशवीतून एक तबकडी काढून काउंटरवर आपटली. वेष्टनावर पाठीवर किल्ला घेतलेल्या गोगलगायीचं चित्र होतं.

"ही तू दिलीस. माझ्या नवऱ्याला. सिरिल हॉगबेन, व्हिट्स्टेबलची बस चालवायचा. मी या संगीतात नवा आहे, सुरुवात कुठून करू, असं त्यानं तुला विचारलं होतं."

"रोज कुणी ना कुणी विचारतं, बाई. मी सगळ्या नवख्यांना हीच देतो. पचली तर पचली, नाहीतर त्यांनी नाचगाणी ऐकावीत."

"आणि म्हणालास, ही उमगली की ये, मग दुसरी सांगतो."

"म्हणतो मी तसं."

"सिरिल मार्चमध्ये गेला. दुसरी कुठली, ते मला सांग."

पिल्चरच्या हातातलं फडकं थांबलं. "म्हणजे त्याला उमगली ही?"

"कसली उमगतेय! दर रविवारी जेवण झालं, भांडी पुसली, की खुर्ची ओढून बसायचा हिच्यासमोर. मांडीवर बोटानं मात्रा मोजायचा. पाच म्हणाव्यात तर सात व्हायच्या, सम काही हाताला लागायची नाही. समुद्रावर जाऊ म्हटलं तर म्हणे, आज सापडेल बहुतेक. त्याची बस तुझ्या या दारावरून जायची. वरच्या साहेबाच्या हातापाया पडून त्यानं मार्ग बदलून घेतला. 'पिल्चरसाहेबांनी पाहिलं तर काय तोंड दाखवू, एनिड?' म्हणायचा. साहेब! तुला!"

डडली मांडीवर थाप मारून हसला. "सातच काय, पुढे तेरा मात्रासुद्धा आहेत की!"

"तुला कुणी विचारलं रे? स्टुलाचा पाचवा पाय कुठला!"

पिल्चरनं उत्तर टाळायला तबकडी बाहेर काढली आणि सवयीनं दिव्याखाली तिरकी धरली. जुना माल पारखणारे तशीच धरतात. पहिली बाजू करडी पडली होती. सुईनं घासून घासून खाचांचं पाणीच गेलं होतं. त्यानं ती उलटी केली. दुसरी बाजू काळीभोर होती, नवीकोरी. छतावरचा दिवा तिच्यात लख्ख दिसत होता.

"ही बाजू कधी लावलीच नाही?"

"पहिली उमगल्याशिवाय उलटायची नाही, असं तूच बजावलं होतंस."

"ते… सगळ्यांनाच म्हणतो मी. बोलायची एक पद्धत असते."

"त्यानं गुरूचा शब्द मानला."

डडली हसायचा थांबला. "अरे पण लेका," तो पिल्चरकडे बघत पुटपुटला, "गाणी तर सगळी मागच्याच बाजूला आहेत."

पिल्चरनं तबकडी यंत्रावर ठेवली आणि सुई टेकवली.

आधी एकटी बासरी वाजली. मग एक माणूस साध्या आवाजात गाऊ लागला. चार मात्रांचा सरळ ठेका, भांडी पुसता पुसता शिटीवर घ्यावी अशी चाल. बस हाकणाऱ्या माणसानं दुसऱ्या थांब्यापर्यंत ती पाठ केली असती.

एनिडनं छत्री कधी मिटली, तिलाच कळलं नाही. मिटलेल्या छत्रीचं टोक फरशीवर आपोआप ठेका देऊ लागलं. ते लक्षात येताच तिनं छत्री काठीसारखी घट्ट आवळून उचलून धरली.

"बंद कर."

"पुढचं गाणं तर याहून—"

"बंद कर म्हटलं ना!"

सुई उचलली गेली. एनिडनं स्वतःच तबकडी वेष्टनात सरकवली, वेष्टन पिशवीत घातलं. पिल्चर मागच्या फळीकडे गेला, बराच वेळ बोटं फिरवत राहिला आणि एक तबकडी घेऊन आला. कोणी परत येईल आणि दुसरी मागेल, असा प्रसंग त्याच्यावर आलाच नव्हता. त्यानं ती दोन्ही हातांनी पुढे केली.

"ही दुसरी," तो हळूच म्हणाला. "घ्या. तुमचीच आहे."

एनिडनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पहिली अजून संपली नाही," ती म्हणाली. मग दुकानाच्या मधोमध, छपराखालीच, तिनं छत्री फाडकन उघडली आणि बाहेर पडली.

एवढीच गोष्ट. तुमच्याही घरी रविवारी जेवणं होतील, भांडी पुसून होतील. हात कोरडे झाले की बसायच्या आधी एकदा सिरिल हॉगबेनची आठवण काढा, मायबाप.